वासोट्याचा दिवस: बामणोलीतलं मुक्कामाचं घर, बोट आणि वाटाड्या

सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या जलाशयापलीकडच्या जंगलात वासोटा किल्ला आहे. तिथं मी दोनदा गेले. पहिल्यांदा गडाचा दरवाजाही न बघता अर्ध्यातून मागे फिरले. दुसऱ्यांदा गडावरच्या बाबुकड्याजवळ बसून पोटभर नाचणीची भाकरी खाल्ली. दोन्ही वेळा पैसे साधारण तेवढेच गेले. म्हणून दुसऱ्या वेळी ज्यांच्याकडे उतरलो, ज्यांच्या बोटीतून गेलो आणि ज्यानं वाट दाखवली, त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते. पावसाळा संपून जंगल उघडलं की पुष्कळ जण चौकशी करतात, त्यांना उपयोग होईल.

माझं कराडला झेरॉक्स आणि शालेय वस्तूंचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या एका रविवारी, शहरातून सहली नेणाऱ्या एका मंडळींबरोबर मी आणि माझी वहिनी गेलो होतो. नाव घेत नाही. रात्री अकराला बस निघाली, पहाटे पाचला जलाशयाच्या काठावर पोचली, एकूण ४२ माणसं. अंधारात कुडकुडत बसलो. उजाडल्यावर कळलं की निम्म्या लोकांकडे ओळखपत्राची प्रत नाही आणि नावांची यादीही नीट केलेली नाही. आमच्या पुढे आणखी सात-आठ बसची माणसं. बोटीत बसायला दहा वाजून गेले आणि पायथ्याला उतरलो तेव्हा पावणेबारा झाले होते. झाडी संपते तिथवर कसंबसं पोचलो आणि हाक आली, ‘चला, मागे फिरा, बोट थांबणार नाही.’ वहिनी तिथंच दगडावर बसून रडली. तिचा तो पहिला डोंगर होता.

त्या दिवशी एक हिशेब कायमचा डोक्यात बसला. काठावरच्या बामणोली गावाहून पायथ्यापर्यंत बोटीला दीड तास जायला, दीड तास यायला. चढायला अडीच तास, उतरायला पावणेदोन-दोन. म्हणजे साडेसात तास नुसते जाण्यायेण्यात. गडावर मुक्काम करता येत नाही, हे अभयारण्य आहे, संध्याकाळच्या आत जंगलातून बाहेर यावंच लागतं. तेव्हा सकाळी आठच्या सुमाराला बोट सुटली तरच वर दीड-दोन तास मिळतात. त्यानंतर जितका उशीर होईल, तेवढा वेळ गडावरचाच कापला जातो. बाकी बूट कुठले, काठी घ्यायची का, हे सगळं नंतर.

म्हणून यंदा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आधल्या रात्रीच बामणोलीत मुक्कामाला गेलो. बुधवारी दुपारी निघालो, गुरुवारी चढलो. दोन दिवस दुकान बंद ठेवलं आणि ते मला परवडलं, कारण आठवड्याच्या मधल्या वारी धक्क्यावर आमच्याशिवाय दोनच गट होते. आम्ही आठ जण: मी, आमचे हे, आठवीतली मुलगी, दीर-जाऊ आणि त्यांचा मुलगा, तीच वहिनी, आणि ६८ वर्षांचे आप्पा, म्हणजे माझे चुलत सासरे.

साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून, कासचं पठार आणि तलाव मागे टाकून रस्ता खाली बामणोलीला उतरतो. फेब्रुवारीत पठार वाळलेलं असतं, फुलांसाठी तिकडे सप्टेंबरात जायचं. तरीही कासला पाच मिनिटं थांबा, कारण पुढच्या वळणावरून शिवसागराचं, म्हणजे कोयनेच्या जलाशयाचं, पाणी पहिल्यांदा दिसतं.

मुक्कामाच्या घराला पाटी नाही. धक्क्यावर ‘नाचणीच्या भाकरीवाल्या काकू’ म्हणून विचारलं की कुणीही दाखवतं. दोन खोल्या, एक पडवी, अंगणात चूल. काका पूर्वी मुंबईत माथाडीत होते, दहा वर्षांपूर्वी परत आले. पडवीत सतरंज्या आणि जाड वाकळा दिल्या. वाकळा धुतलेल्या होत्या, उन्हाचा वास येत होता. पाण्याकाठी फेब्रुवारीतही पहाटे गारठा असतो, तेव्हा स्वेटर घेऊन या. रात्रीच्या जेवणात नाचणीची भाकरी, पिठलं, लसणाचा ठेचा, आणि खाणाऱ्यांना जलाशयातल्या माशाचं कालवण. माशात मसाला कमी होता, त्यामुळे माशाची चव लागली. जाऊबाई गुरुवार करतात, त्यांच्यासाठी काकूंनी न विचारता सकाळच्या शिदोरीत वरीच्या तांदळाचा भात वेगळा बांधला. रात्री जेवताना कुणीतरी उपवासाचं बोललं होतं, तेवढंच त्यांनी लक्षात ठेवलं.

एक उणीव सांगते. पहाटे अंघोळीचं गरम पाणी एकाच बंबावर आणि माणसं आठ. शेवटच्या तिघांना कोमट पाणी मिळालं. न्हाणीघर आणि शौचालय स्वच्छ होतं, पण एकच. बायकांनी हे नीट लक्षात घ्या: पायथ्यापासून वर निघालात की उतरेपर्यंत कुठेही सोय नाही. सकाळी पाचला उठून सगळं आवरून घेतलं तर दिवस सुखात जातो.

कागदपत्रांचं काम काकांनी आधल्या संध्याकाळीच उरकायला लावलं. प्रत्येकाचं नाव, वय, पत्ता, फोन असा एक कागद आणि ओळखपत्राच्या प्रती. मी घरूनच प्रत्येकाच्या तीन-तीन काढून नेल्या होत्या. सकाळी दुसऱ्या गटातली दोन मुलं प्रत काढायला दुकान शोधत होती आणि त्या वेळेला तिथे दुकान कुठलं उघडायला! त्यांचा पाऊण तास गेला. परवानगी, जंगलात शिरण्याचं शुल्क आणि बोट यांचे दर दरवर्षी बदलतात, म्हणून आकडे लिहीत नाही. पण एक कळीची गोष्ट म्हणजे बोटीचं भाडं पूर्ण बोटीचं असतं, माणशी नसतं. चौघंच गेलात तर महाग पडतं, आठ-दहा जण असलात की परवडतं. आम्हाला रात्रीचं जेवण, मुक्काम, नाष्टा, शिदोरी, बोट, परवानगी आणि वाटाड्या हे सगळं धरून माणशी साडेसोळाशे रुपये पडले. काकांनी वहीत एकेक रक्कम लिहून, खाली बेरीज करून पान फाडून हातात दिलं. आकडे जसेच्या तसे, वर एक रुपया नाही.

सकाळी ७ वाजून ५० मिनिटांनी बोट सुटली. बोट चालवणारे मामा साठीचे असावेत. पाण्यावर धुकं होतं, काठाची झाडं दिसत नव्हती, नुसता इंजिनाचा आवाज. मग सूर्य डोंगराच्या वर आला आणि धुकं पाण्यावरून उचलल्यासारखं वर गेलं. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये हिरवट पाणी. कोयनेचं १०५ टीएमसीचं धरण आपण आकड्यात ऐकतो, पावसाळ्यात बातम्यांत रोज येतो तो आकडा. इथं दीड तास त्याच्या पोटातून जाताना त्या आकड्याचा अर्थ कळतो.

आमच्या आप्पांचं जुनं गाव या पाण्याखाली आहे. धरण भरायला लागलं तेव्हा ते पाच-सहा वर्षांचे होते. बैलगाडीत भांडी, वर कोंबड्या आणि कोंबड्यांच्या शेजारी ते, एवढं त्यांना आठवतं. गावावरून बोटीनं ते कधीच गेले नव्हते. मामांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि म्हणाले, ‘आप्पा, आलं की सांगतो.’ अर्ध्या तासानं त्यांनी न सांगता इंजिन बंद केलं. बोट नुसती तरंगत राहिली. मामांनी समोरच्या डोंगराची सोंड दाखवली. आप्पांनी ती सोंड बघितली, मग मागचा डोंगर बघितला, हातानं एक रेघ धरली आणि म्हणाले, ‘म्हणजे देऊळ हितं. आमचं जोतं त्याच्या वरच्या अंगाला.’ मुलगी वाकून पाण्यात बघत होती. खाली काही दिसत नाही, नुसतं हिरवं. आप्पांनी हात पाण्यात घातला, डोळ्यांना लावला आणि मामांना म्हणाले, ‘चला.’ थांबल्याचे पैसे मामांनी घेतले नाहीत, विषयही काढला नाही.

बोटीबद्दल माझी एकच तक्रार आहे आणि ती गंभीर आहे. अंगात घालायची जॅकेटं आठ होती, पण दोघांची बक्कलं तुटलेली होती, दोरीनं बांधली होती. पाणी फार खोल आहे. मी मामांना तिथंच सांगितलं, काकांनाही परत आल्यावर सांगितलं. तुम्ही गेलात तर बोट सुटायच्या आधी प्रत्येकाचं बक्कल लावून बघा.

साडेनऊच्या आत गडाच्या पायथ्याला, मेट इंदवलीला उतरलो. इथं वनखात्याची चौकी आहे. हे जंगल १९८५ पासून कोयना अभयारण्य आहे आणि २०१० पासून चांदोलीबरोबर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, त्यामुळे तपासणी कडक असते. सगळ्या पिशव्या उघडायच्या. प्लॅस्टिकची प्रत्येक वस्तू मोजून वहीत लिहितात, अनामत रक्कम घेतात आणि उतरल्यावर तेवढ्याच वस्तू दाखवल्या की परत देतात. काकूंना हे ठाऊक असल्यानं शिदोरी स्टीलच्या डब्यांत आणि फडक्यात बांधलेली होती, पाण्याच्या बाटल्याही आम्ही स्टीलच्या नेल्या. आमच्याकडे प्लॅस्टिक म्हणून निघाल्या त्या मुलीच्या चौदा गोळ्या. ‘चौदा गोळ्यांचे कागद’ असं त्या वनरक्षकदादांनी वहीत अक्षरी लिहिलं.

वाटाड्या काकांनीच ठरवून दिला होता, पंचविशीचा मुलगा. निघायच्या आधी त्यानं सगळ्यांना गोल उभं केलं आणि तीन गोष्टी सांगितल्या. मी पुढे, माझ्या पुढे कुणी जायचं नाही. बोलायचं तर हळू. आणि गवा दिसला तर पळायचं नाही, जागच्या जागी थांबायचं, मी सांगेन तसं मागे सरकायचं. गवा दिसला नाही, पण ओढ्याच्या चिखलात खुरं उमटलेली होती, आदल्या रात्रीची, कडा अजून ओल्या.

सुरुवातीला ओढा ओलांडला की उघड्यावरच मारुती आणि गणपतीच्या जुन्या मूर्ती आहेत. तिथून खरा चढ लागतो. या वाटेचं सुख म्हणजे सावली. जवळजवळ दोन तृतीयांश चढ दाट झाडीतून आहे, ऊन पानांतून गाळून येतं. हिरडा, जांभूळ, अंजनी. अंजनी त्या दिवसांत फुललेली होती. वाटाड्या मुलानं एका झाडापाशी थांबवलं आणि फांदी दाखवली. फुलं पानांच्या टोकाला नव्हती, सालीला चिकटून, फांदीच्याच अंगातून निघाल्यासारखे निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके. जवळ डोळे नेले तर प्रत्येक फूल तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, त्यातून बारीक केसर बाहेर आलेले, आणि खाली वाटेवर निळा सडा पडलेला. आम्ही त्या सड्याला वळसा घालून गेलो. थोडं पुढे त्यानं वर बोट केलं. शेकरूचं घरटं होतं, दोन झाडांच्या फांद्या एकमेकींना लागतात तिथं काटक्या-पानांचा मोठा गोळा. शेकरू जमिनीवर फारसं येत नाही, झाडावरून झाडावर जातं, म्हणून फांद्या जुळलेलं जंगलच त्याला लागतं, असं तो म्हणाला. आपल्या राज्याचा प्राणी. दहा मिनिटांनी आवाज आला आणि तांबडी शेपटी दिसली, फक्त शेपटीच. वहिनीला तेवढ्यानंच भरून आलं.

आप्पांच्या चालीनं सगळे चाललो. मुलगा दर वीस मिनिटांनी न सांगता थांबायचा, बसायला दगड कुठला ते त्याला ठरलेलं होतं. कुणाला ‘दमलात का’ म्हणून विचारलं नाही. वयस्कर माणसाला घेऊन जाणाऱ्यांना याची किंमत कळेल. वाटेत नागेश्वरच्या गुहेचा फाटा लागतो. त्या गुहेत शिवलिंगावर पाणी ठिबकतं. तरणी मुलं दोन्ही एका दिवसात करतात, आम्हाला त्यानं आधीच सांगितलं होतं की गड नीट बघायचा असेल तर एकच करा. खरं बोलला. फाट्यापुढे थोड्याच वेळात झाडी संपते, तिथं वहिनी थांबली. ‘इथंच,’ म्हणाली. तीन वर्षांपूर्वीचा तिचा दगड तिनं ओळखला, त्यावर हात ठेवला आणि पुढे निघाली. शेवटचा टप्पा उघडा आणि उन्हाचा आहे, टोपी हवीच. मग कातळातल्या पायऱ्या आणि दरवाजाचे अवशेष. बारा वाजून वीस मिनिटांनी मारुतीच्या बिनछपराच्या देवळापाशी सगळेच्या सगळे आठ जण पोचलो होतो.

वर वाड्याची जोती, पाण्याचं टाकं, महादेवाचं देऊळ, चुन्याची घाणी. गडाचं दुसरं नाव व्याघ्रगड. पेशवाईच्या उत्तरार्धात पंतप्रतिनिधींच्या बाजूनं ताई तेलिणीनं हा गड पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याविरुद्ध लढवला. मुलानं ‘श्रीमंत पंतप्रतिनिधींचा हा अजिंक्य वासोटा’ एवढं म्हटलं आणि आप्पांनी पुढचं पुरं केलं: ‘तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा.’ त्यांना ते लहानपणापासून पाठ होतं, गड मात्र आज पहिल्यांदा बघत होते. मग मुलानं समोरचा डोंगर, जुना वासोटा, दाखवला. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्या डोंगरावर तोफा चढवून इकडे मारा केला आणि गड पडला. इतिहासात हे वाक्य वाचून पुढे जातो आपण. इथं उभं राहिल्यावर कळतं की मधली दरी किती अरुंद आहे आणि वरून गोळे यायला लागल्यावर आतल्या माणसांना लपायला जागा कुठेच नव्हती.

बाबुकड्यावर मुलानं आम्हाला काठापासून चांगलं दहा पावलं मागे बसवलं आणि एकेकाला हात धरून पुढे नेऊन दाखवलं. कडा आत वळलेला आहे, उभाच्या उभा, खाली कोकणातलं जंगल आणि पार खाली चोरवणे गावाची घरं. एक घार घिरट्या घालत होती आणि ती आमच्या खाली होती. घारीची पाठ मी जन्मात पहिल्यांदा पाहिली, तपकिरी, उन्हात चमकणारी. मुलगी बराच वेळ काही बोललीच नाही. तिथंच मागे सावलीत शिदोरी सोडली: भाकरी, सुकी बटाट्याची भाजी, ठेचा, कांदा. जाऊबाईंचा वरीचा भात. फोनला रेंज नाही, त्यामुळे कुणाचा आवाज नाही, कुणाचा फोन नाही. दोन वाजता निघालो.

उतरताना गुडघे बोलतात, पानं सुकलेली असल्यानं घसरतंही. काठी एक तरी असू द्या. पावणेचारला चौकीवर आलो. वनरक्षकदादांनी वही उघडली, आम्ही कागद टेबलावर मांडले. तेरा. त्यांनी परत मोजले. ‘ताई, चौदा लिहिलेत.’ अनामतीचे पैसे फार नव्हते, ते सोडून निघता आलं असतं, पण मुलीचं तोंड उतरलं. तिनं पिशवी उलटी केली, खिसे बघितले, वाटाड्या मुलगा पन्नास पावलं मागे वाटेवर बघून आला. शेवटी चष्म्याच्या डबीत चौदावा सापडला. दादांनी त्या ओळीसमोर बरोबरची खूण केली, पैसे परत दिले आणि मुलीला म्हणाले, ‘बाळ, असंच कर.’ मागच्या खेपेला ४२ जणांच्या त्या गर्दीत किती कागद वर राहिले असतील, हा विचार बोटीत बसेपर्यंत माझ्या डोक्यातून गेला नाही. त्या चौकीवर भर उन्हात एकेक कागद मोजणाऱ्या माणसांना माझा मनापासून नमस्कार आहे.

साडेपाचला बामणोली. काकूंनी चहा ठेवला होता, आप्पांसाठी पाय शेकायला गरम पाण्याची बादली. चहाचे पैसे वहीच्या पानावर नव्हते, आम्ही आग्रह केला तरी घेतले नाहीत.

जाणाऱ्यांनी आठ दिवस आधी फोन करावा आणि जंगल कोणत्या वारी बंद आहे का, तेही विचारून घ्यावं. काकांच्या घरी रेंज येते-जाते, संध्याकाळी सातनंतर लागण्याची शक्यता जास्त. शनिवार-रविवार आणि नाताळची सुट्टी टाळा, मग काकू कितीही चांगल्या असल्या तरी धक्क्यावरची रांग त्यांच्या हातात नाही. दहाच्या वर माणसं ते घेत नाहीत.

परवा वहिनीच्या मैत्रिणींसाठी चौकशीला फोन केला होता. मी काही विचारायच्या आत काकाच म्हणाले, ‘ताई, मामांनी जॅकेटं बदलली बरं का. सहा आलीत, चार यायचीत.’